भुवया उंचावल्या म्हणजे हो

७ सप्टेंबर २०२५, रविवार

गणपती शनिवारी गेले आणि रविवारी सकाळी मी विमानतळावर होते. नखांच्या कडेला गुलाल तसाच. आईनं फोनवर आधीच कुरकुर केली होती, "पितृपंधरवडा लागतोय आणि तू कुठं निघालीस त्या बर्फात?" बर्फ नाही गं, सप्टेंबर आहे, म्हटलं. पण आईच्या लेखी कॅनडा म्हणजे बर्फ आणि ओटावातल्या माणसाच्या लेखी कॅनडाच्या उत्तर टोकाचा नुनावुत म्हणजे बर्फ. दोघंही तिथं कधी गेलेले नाहीत. फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "आणि तुझ्या मामेभावाला एकदा फोन कर. कुणाशी बोलत नाही म्हणे हल्ली." करते, म्हटलं आणि बॅग भरायला घेतली.

काम असं होतं: नुनावुतच्या राजधानीत, इकालुइतमध्ये दोन दिवसांचं प्रशिक्षण, आत्महत्या रोखण्याचं. शिकणारे सगळे तिथलेच. डॉक्टर नाहीत, समुपदेशक नाहीत. दुकानात गल्ल्यावर बसणारे, शाळेची झाडलोट करणारे, टॅक्सी चालवणारे. या प्रशिक्षणाला प्रशिक्षक दोन लागतातच. मधेच कुणाला रडू आवरेनासं झालं, कुणी उठून बाहेर गेलं, तर एकानं मागोमाग जायचं आणि दुसऱ्यानं वर्ग चालू ठेवायचा, म्हणून. तिथल्या दुसऱ्या प्रशिक्षकाला ऐन वेळी जमेना आणि बोलावणं माझ्याकडे आलं.

मी ओटावात एका दवाखान्यात समाजसेविका आहे. इकालुइत ज्यावर आहे त्या बॅफिन बेटावर कुणाला मोठं दुखणं झालं की विमानानं ओटावालाच आणतात. त्यामुळे इनुइट, म्हणजे तिथले मूळचे रहिवासी, मला ठाऊक होते ते खाटेवरचे, घरापासून दोन हजार किलोमीटरवर, भिंतीकडे तोंड करून पडलेले. (एक असला की इनुक, अनेक झाले की इनुइट. या शब्दाचा अर्थच 'माणसं', त्यामुळे 'इनुइट लोक' म्हणणं म्हणजे 'माणसं लोक' म्हटल्यासारखं.)

विमानाला तीन तास लागतात. खाली आधी शेतं सरली, मग झाडं खुजी होत होत नाहीशी झाली, आणि उरला तो खडक आणि पाणी. नुनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ ला वेगळा झाला. महाराष्ट्र त्यात सहा वेळा मावून वर जागा उरेल, आणि २०२१ च्या जनगणनेत माणसं होती ३६,८५८. आपल्याकडे एवढी वस्ती तालुक्याच्या गावाला असते. इथं ती २५ गावांत विखुरली आहे आणि या गावातून त्या गावात जायला रस्ता नाही. विमान, नाही तर उन्हाळ्यात होडी आणि हिवाळ्यात बर्फावरची मोटारगाडी. राजधानी इकालुइत सगळ्यांत मोठं, साडेसात हजारांचं. घरं खांबांवर उभी, कारण खाली बारमाही गोठलेली जमीन. घराची ऊब तिला लागली तर ती विरघळून घर कलेल. पुष्कळ घरांना पाणी टँकरनं येतं. टँकर म्हटल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

पाट्यांवर इंग्रजी आणि फ्रेंचबरोबर इनुक्टिटुट या इनुइटांच्या भाषेची लिपी दिसते. त्रिकोण, आकडे, अर्धवर्तुळं. बघत राहिले तेव्हा लक्षात आलं की ही बाराखडी आहे. व्यंजनाचा आकार एकच, तो फिरवला की स्वर बदलतो. त्रिकोणाचं टोक एकीकडे असलं तर पि, दुसरीकडे पु, तिसरीकडे पा. जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्यानं १८४० मध्ये क्री या कॅनडातल्या आदिवासींच्या भाषेसाठी ही लिपी बसवली, पुढे ती इनुइटांपर्यंत आली. इव्हान्सनं देवनागरी पाहिलेली होती आणि तिचा हात या लिपीला लागला आहे असं अभ्यासक मानतात. मुक्कामी पोचल्यावर मी तासभर पाट्याच वाचत बसले. खरं तर बॅगेतला एक शोधनिबंध पुन्हा वाचायचा होता आणि मी तो टाळत होते.

तो निबंध २०१३ चा. कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतातल्या क्री समुदायांत केलेला प्रयोग. ५५ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. ३१ जणांना हेच दोन दिवसांचं प्रशिक्षण, २४ जणांना दोन दिवसांचं एकत्र शिबिर. सहा महिन्यांनी पाहिलं तर प्रशिक्षण घेतलेल्यांच्या कौशल्यात सांगण्यासारखा फरक नव्हता. उलट त्यांच्यातल्याच काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढले असावेत अशी शंका लेखकांनी नोंदवली होती. गट लहान, त्यामुळे ठाम काही म्हणता येत नाही. पण उद्या जे शिकवायला उभं राहायचं, त्याबद्दलच हे लिहिलेलं. रात्री झोप नीट लागली नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

सभागृहात खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. मुख्य प्रशिक्षक पन्नाशीची इनुक स्त्री. मी मनातल्या मनात तिला 'बाई' म्हणू लागले, शाळेतल्या बाई. आवाज कधी चढत नाही आणि तरी वर्ग शांत, तशा. मी निबंधाचा विषय काढला. बाईंनी तो माझ्याआधीच वाचला होता. म्हणाल्या, "ज्यांना शिकवतो तेच सुतकात आहेत. सुतकातल्या माणसाला पाहुण्यांचं बघायला लावलं तर त्याचं कोण बघणार?" सुतक हा शब्द अर्थात माझा, पण त्यांना म्हणायचं होतं ते हेच. त्यांचा उपाय साधा होता. पहिल्याच तासाला प्रत्येकाची जोडी लावायची. प्रशिक्षण संपल्यावर वर्षभर जोडीदारानं जोडीदाराला फोन करायचा, विषय काहीही असो.

सोळा जण यायचे होते, चौदा आले. पँगनिर्टुंग गावच्या दोघांचं विमान धुक्यामुळे उडालंच नाही. नियम असा की दोन्ही दिवस पूर्ण बसल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. म्हणजे ते उद्या आले तरी उपयोग नव्हता.

सुरुवातीला एका आजीनं कुल्लिक लावला. मऊ दगडाचा, चंद्रकोरीसारखा पसरट दिवा. त्यात सीलची चरबी आणि कडेनं वातीची ओळ. पूर्वी बर्फाच्या घरात उजेड, ऊब, स्वयंपाक, कपडे वाळवणं, सगळं यावरच चालायचं. आजी एका काडीनं वात पुढे-मागे सारत होती, काजळी धरू देत नव्हती. मी विचारलं, वात कशाची? म्हणाली, शेवाळ आणि इथं उगवतो तो कापूस. टुंड्रावर एक गवत येतं, पांढऱ्या बोंडाचं. मी परभणीकडची. कापूस इथंही भेटेल असं वाटलं नव्हतं.

प्रशिक्षणाचं इंग्रजी नाव 'असिस्ट'. १९८३ मध्ये कॅलगरीत सुरू झालं. नुनावुतमध्ये त्याला इथल्या पद्धतीनं घडवून 'उकाकातिगीलुक' केलं आहे, म्हणजे साधारण 'याबद्दल बोलूया'. शिकणाऱ्यांना इंग्रजीत 'गेटकीपर' म्हणतात. तो शब्द ऐकला की मला फाटकाजवळचा हिरवी झेंडी घेतलेला माणूस आठवतो. तुलना अगदीच वाईट नाही. तो गाडी चालवत नाही आणि दुरुस्तही करत नाही. फक्त तिथं असतो आणि बघत असतो.

कारण असं, की गावागावांतल्या आरोग्यकेंद्रात नर्स असतात त्या बहुतेक दक्षिणेतून आलेल्या. काही आठवडे, काही महिने, की बदली. ओळख होईतो त्या निघतात. गल्ल्यावरची पोरगी मात्र तिथंच असते. आमच्या गटात अशी एक होती. ती म्हणाली, "कोण दोन दिवस दुकानात आलं नाही ते मला कळतं." तेवढ्यानं अर्धा धडा झाला.

दुपारी आपापल्या मनातल्या समजुती बोलून दाखवायच्या होत्या. साठी ओलांडलेले एक गृहस्थ सकाळपासून गप्प होते. ते बोलले ते कुत्र्यांबद्दल. लहानपणी त्यांच्या वडिलांची गाडी ओढणारी कुत्री गोळ्या घालून मारली, त्यानंतर वडील शिकारीला गेले नाहीत. कुत्री नाहीत म्हणजे गाडी नाही आणि गाडी नाही म्हणजे शिकार नाही. "ते खुर्चीत बसले." एवढंच वाक्य. १९५० ते ७० च्या काळात इनुइटांना भटकंतीतून उचलून वसाहतींत बसवलं, त्यातला हा एक भाग. इनुइटांनी स्वतः नेमलेल्या किकिक्तानी सत्य आयोगानं २००७ ते २०१० मध्ये अशा शेकडो साक्षी नोंदवल्या, आणि १४ ऑगस्ट २०१९ ला केंद्र सरकारनं इकालुइतमध्ये येऊन माफी मागितली.

क्षयरोगाची गोष्ट निराळी आणि तितकीच जड. जहाज यायचं, जहाजावरच क्ष-किरण तपासणी, डाग दिसला की तिथूनच दक्षिणेला. घरी जाऊन निरोप घ्यायचीही मुभा नसे. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांतला एक दक्षिणेतल्या इस्पितळात होता. कितीजण तिकडेच पुरले गेले आणि घरी कळलंही नाही. माझ्या दवाखान्यातली माणसं भिंतीकडे तोंड करून का पडतात हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

बाईंनी एक गोष्ट ठासून सांगितली, आणि बाहेरच्या माणसानं हीच नेमकी उलटी समजून घेतलेली असते. आत्महत्या हा इथला पूर्वापार रोग नाही. १९६० च्या दशकापर्यंत ती क्वचित घडे. वसाहतींत जन्मलेली पहिली पिढी तरुण झाली तसा आकडा चढला. आता चार इनुइट प्रदेशांत हे प्रमाण कॅनडाच्या सरासरीच्या ५ ते २५ पट आहे, आणि जातात ती मुख्यतः तरुण मुलं. "जे माझ्या आजीला माहीत नव्हतं ते माझ्या मुलाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे ते आलं कुठून तरी. आलंय तसं जाईलही."

९ सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस नाटकाचा. एकानं अडचणीतला माणूस व्हायचं, दुसऱ्यानं त्याच्याशी बोलायचं. बोलण्याचा गाभा एकच: आडवळण नको, सरळ विचारा. आत्महत्येचा विचार मनात आहे का? विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. ही भीती जगभर आहे आणि ती खोटी आहे. असलेला विचार बोलायला मात्र त्यामुळे वाट मिळते.

पण अडचण इथंच. इनुइट रीतीत दुसऱ्याच्या मनात डोकावून प्रश्न विचारणं हे उद्धटपणाचं. ज्याचं मन त्याचं. सांगावंसं वाटेल तेव्हा तो सांगेल, तोवर शेजारी बसायचं. दक्षिणेत लिहिलेला वर्ग म्हणतो, विचारा. इथली रीत म्हणते, थांबा. बाईंनी यातून वाट काढली होती. आधी थांबायचं, भरपूर, चहा संपेपर्यंत. मग आपली स्वतःची एखादी गोष्ट सांगायची. आणि मग एकदाच, सरळ विचारायचं.

माझी पाळी आली. समोर तरुण आई, पाठीवर अमाउतीत बाळ. अमाउती म्हणजे पाठीवर, टोपीखालच्या झोळीत बाळ बसेल असा अंगरखा. मी माझ्या दवाखान्यातल्या सवयीनं व्यवस्थित विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. मी दहापर्यंत मोजलं. पुन्हा विचारलं, जरा सावकाश. काही नाही. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं तशी सगळी खोली हसायला लागली. बाईंनी सांगितलं, "तिनं दोन्ही वेळा हो म्हटलं." इथं भुवया उंचावल्या म्हणजे हो आणि नाक मुरडलं म्हणजे नाही. तोंडानं बोलावं लागत नाही.

मीही हसले. मग माझं हसू थांबलं. ओटावात वर्षानुवर्षं मी नोंदवहीत लिहीत आले होते, 'रुग्णानं उत्तर दिलं नाही'.

जेवायला जमिनीवर पुठ्ठा पसरला आणि त्यावर 'आर्क्टिक चार' नावाचा गोठलेला मासा, कॅरिबूचं, म्हणजे तिथल्या रेनडिअरचं वाळवलेलं मांस, आणि मक्ताक, म्हणजे व्हेलची कातडी आणि त्याखालची चरबी. उलू नावाच्या अर्धगोल सुरीनं जो तो कापून घेत होता. पकड आपल्या विळीच्या अगदी उलटी, पण कापणाऱ्या बायकांचं गप्पांत लक्ष आणि हात न बघता चालू, हे तसंच. मासा मला आवडला. मक्ताकचा एक तुकडा मी पुष्कळ वेळ चावत राहिले आणि माळकरी आजोबांची मनातल्या मनात क्षमा मागितली.

दुपारी बाईंनी सांगितलं, हा प्रश्न आपापल्या भाषेत म्हणून पाहा. ज्या भाषेत भांडतो, रडतो त्या भाषेत. इनुक्टिटुटमध्ये सगळ्यांनी म्हटला. आत्महत्येसाठी त्यांचा जो शब्द आहे त्यात 'स्वतः' आहे, हत्या नाही, असं दुभाष्यानं सांगितलं. मग म्हणाले, आता तू. मी उभी राहिले आणि तोंडातून आलं, "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?" अर्थ विचारला. बरं आणि वाईट, म्हटलं. "दोन्हीपैकी कुठलं?" गल्ल्यावरच्या मुलीनं निरागसपणे विचारलं.

खरंच, कुठलं? आमच्याकडे माणूस 'गेला' असतो, त्यानं 'नको ते केलं' असतं, 'बरंवाईट' केलं असतं. सरळ शब्द एकच आहे आणि त्यात हत्या आहे, म्हणजे कुणीतरी गुन्हेगार आहे. ओळखीच्या माणसाला चहा पिता पिता विचारता येईल असा शब्द मी तिथं उभ्या उभ्या शोधत राहिले. शेवटी म्हटलं, "मरावंसं वाटतं का रे?" तो 'रे' कुठून आला कळलं नाही. विचारणारी तर मुलगी होती.

शेवटच्या तासाला शाळेतल्या सफाई कामगारानं जे विचारलं त्याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. "मी विचारीन. तो हो म्हणेल. मी रात्रभर बसेन त्याच्याजवळ. पण त्याच्या घरात तीन खोल्यांत अकरा माणसं पाळीपाळीनं झोपतात. त्याला खोली कुठून आणू?" इनुइट तापिरीत कनातामी ही त्यांची राष्ट्रीय संस्था. तिनं २०१६ मध्ये आत्महत्या प्रतिबंधाचं धोरण मांडलं. त्यात सहा गोष्टी आहेत आणि पहिली सामाजिक समता आहे. घर, अन्न, शिक्षण, काम. संस्थेला हे कळतं. पैसे ज्यांच्याकडे आहेत त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण स्वस्त पडतं. मी हे मोठ्यानं म्हटलं नाही, पण बाईंनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

संध्याकाळी पँगनिर्टुंगचे दोघं येऊन पोचले, वर्ग संपल्यावर दोन तासांनी. बाई त्यांना घरी घेऊन गेल्या. रात्री दीडपर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरात सगळा अभ्यास झाला. प्रमाणपत्र मिळणार नव्हतं, आणि त्याबद्दल त्या दोघांनी चकार शब्द काढला नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. गावात पदयात्रा. हवा चार-पाच अंश, वारा बोचरा, मधूनच पावसात मिसळलेला बर्फाचा भुगा. आईचं बरोबर होतं म्हणायचं.

चारशे पावलं गेली नसतील तोच एका मुलीनं माझ्या हातात कागदाची पट्टी आणि पेन दिलं. गेलेल्या माणसाचं नाव लिहायचं. मी इथली नाही, म्हटलं. तिनं पट्टी परत घेतली नाही.

मी मामाचं नाव लिहिलं. देवनागरीत. १९ वर्षांत पहिल्यांदा. मामा गेला २००६ मध्ये. तेव्हा शेतकरी आत्महत्येला सरकारची एक लाखाची मदत मिळे, आणि त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागे. सातबारा आणि कर्ज आजोबांच्या नावावर, मामाचं प्रकरण 'अपात्र' ठरलं. मला आठवतं, घरात मामा गेल्याचं कुणी बोलत नव्हतं, पण अपात्र हा शब्द सगळे बोलत होते. मरायलाही अपात्र, असं मामी एकदाच म्हणाली. त्याचं श्राद्ध त्याच्या तिथीला होत नाही. शस्त्रानं, अपघातानं, अशा तऱ्हेनं गेलेल्यांचं सगळ्यांचं एकत्र, घातचतुर्दशीला. पंचांगात एक वेगळी खोली काढून दिल्यासारखं.

इथं सगळ्या पट्ट्या एकाच दोरीला होत्या. चार कोपरे म्हणतात त्या चौकातून जाताना टॅक्सीवाल्यांनी गाड्या थांबवल्या. त्यातला एक आमच्या वर्गातला, त्यानं काच खाली करून जोडीदाराला हाक मारली आणि मासे मिळाले का म्हणून विचारलं. कालपासूनचा त्यांचा पहिला फोन असा समोरासमोरच झाला.

११ सप्टेंबर, गुरुवार

ऊन पडलं. बाई म्हणाल्या, आज काही शिकवायचं नाही, बोरं वेचायची. गावापासून जवळच सिल्व्हिया ग्रिनेल नदीचं उद्यान आहे. उद्यान म्हणजे झाड एक नाही. घोट्याएवढ्या उंचीची लाल-पिवळी टुंड्रा आणि तिच्यात काळी, निळी फळं. वाकून वेचायचं, बादलीत टाकायचं. पाऊस पडला की कंबर धरून निंदायला वाकणाऱ्या बायका आठवल्या. वाकलेल्या माणसाला समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. दोन दिवसांत जे वर्गात बोलले नव्हते ते इथं बोलले. ते त्यांचं, इथं लिहीत नाही.

मॅनिटोबाच्या त्या निबंधातल्या दुसऱ्या गटाला, २४ जणांच्या, नुसतं एकत्र नेलं होतं. बादली अर्धी भरल्यावर हे माझ्या लक्षात आलं.

कुल्लिकवाली आजी माझ्या शेजारी वेचत होती. तरुण आईच्या पाठीवरच्या बाळाला ती सारखी 'अनिगा' म्हणत होती. अर्थ विचारला तर 'माझा भाऊ'. आठ महिन्यांचं बाळ सत्तरीच्या बाईचा भाऊ! आजीच्या गेलेल्या भावाचं नाव या बाळाला दिलं आहे. नाव दिलं की नुसता शब्द येत नाही, माणूस येतो, त्याची नाती येतात. त्यामुळे आई स्वतःच्या पोराला 'मामा' म्हणते, कुणी 'बाबा' म्हणतं, आणि बाळाला काय आवडतं ते गेलेल्याला काय आवडायचं यावरून ठरतं. मी तिला सांगितलं, आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. मग सासऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं म्हणून सून आपल्याच मुलाला 'आबा' म्हणते, आणि त्याला रागवायचं तर 'अहो आबा' म्हणून रागवावं लागतं. आजी इतकी हसली की बादली कलंडली.

मग तिनं हाताच्या बोटांनी रुपयाएवढं वर्तुळ करून दाखवलं. सरकारला ही नावं पेलेनात. आडनाव नाही, बाईचं नाव पुरुषाला चालतं, आणि उच्चार जमत नाही. म्हणून १९४१ पासून प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला दिला, गळ्यात घालायला किंवा मनगटाला बांधायला. पूर्वेकडच्यांना ई, पश्चिमेकडच्यांना डब्ल्यू. पुढे १९६८ ते ७१ मध्ये घरोघर हिंडून आडनावं नोंदवली आणि मग बिल्ले गेले. आजीला तिचा क्रमांक अजून पाठ आहे. तिनं तो म्हणून दाखवला, आणि लगेच, जणू तोंड खळखळून धुवावं तसं, तिला ज्यांची नावं मिळाली आहेत त्या चौघांची नावं एकामागून एक घेतली.

तिच्या भावाचं काय झालं हे मी विचारलं नाही. ती म्हणाली, "तू विचारत नाहीस. शिकलीस." आणि बऱ्याच वेळानं, बादली भरल्यावर, तिनं स्वतःच सांगितलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

विमान दुपारचं. सकाळी खाडीवर गेले. पौर्णिमेनंतरच्या दिवसांत इथं समुद्र दहा मीटरहूनही जास्त खाली जातो. काल जिथं होड्या तरंगत होत्या तिथं आज चिखलात कुशीवर पडलेल्या. बाईंनी डब्यात बोरं भरून दिली. माझी जोडी बाईंशीच लागली होती, त्यामुळे वर्षभर फोन करणं आलं. पहिला कधी करू, विचारलं तर म्हणाल्या, "मला नंतर. आधी दुसरा एक आहे ना?" मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मंगळवारी त्यांनी सगळ्यांना एका माणसाचं नाव मनात धरायला लावलं होतं, ज्याला विचारायचं आपण टाळतोय त्याचं. मी ते धरलं होतं, बस.

विमानतळावर बसून साडेबाराला फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा. मामेभावानं चौथ्या घंटीला उचलला.

"ताई? एवढ्या रात्री? सगळं ठीक ना?"

ठीक म्हटलं. पावसाचं विचारलं. सोयाबीन पाण्यात उभं आहे म्हणाला. कापसाचं विचारलं नाही. मीच त्याला इथल्या गवताच्या कापसाची गोष्ट सांगितली, दिव्याची, आजीची. तो हूं हूं करत होता. मग मामाच्या नावाच्या पट्टीचं सांगितलं. हूं थांबलं.

"तुला मरावंसं वाटतं का रे?"

तो हसला. "काय ताई, वेडी झालीस का तू."

मी काही बोलले नाही. फोनवर भुवया दिसत नाहीत. त्याच्या बाजूला पंखा फिरत होता, कुणीतरी झोपेत खोकलं. मी मोजायचंही बंद केलं.

"थांब," तो हळूच म्हणाला. "सगळे झोपलेत. अंगणात येतो."

कडी काढल्याचा आवाज आला. मग बेडकांचा.